खालचा दोरा

लोक काशी-रामेश्वर करून येतात, हल्ली तर सिंगापूरलाही जाऊन येतात आणि परतल्यावर त्याचं वर्णन लिहितात. मी विठ्ठलवाडीहून ठाण्याच्या टेंभी नाक्याला जाऊन आले. नकाशावर हे अंतर दोन बोटांचं आहे. पण त्या दिवशी मी जितकी घाबरले तितकी पुढे कुठल्याच प्रवासात घाबरले नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी विठ्ठलवाडीजवळच्या एका शाळेत नऊ वर्षं विज्ञान शिकवत होते. मुलं चांगली शिकत होती, पण माझं बी.एड. झालेलं नव्हतं. हजेरीपुस्तकात माझ्या नावापुढे कंसात 'अप्रशिक्षित' असं लिहिलेलं असे आणि रोज सही करताना ते दिसे. शेवटी संस्थेने सांगून टाकलं, यंदा पास व्हा, नाहीतर जूनपासून दुसऱ्या बाई येतील. लेखी पेपर सुटले होते. अडलं होतं वार्षिक पाठापाशी. परक्या शाळेत, परक्या मुलांपुढे, मागच्या बाकावर परीक्षक बसवून पस्तीस मिनिटं शिकवायचं. गेल्या वर्षी मी त्यातच नापास झाले होते.

नापास कशी झाले तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पाठ जडत्वाचा होता. स्टँडला दोऱ्याने एक जड गोळा टांगायचा आणि गोळ्याच्या खाली तसाच दुसरा दोरा सोडायचा. खालचा दोरा हळूहळू ओढला तर वरचा तुटतो, कारण त्याच्यावर हाताची ओढ आणि गोळ्याचं वजन असा दुहेरी भार येतो. तोच दोरा झटक्याने ओढला तर मात्र खालचा तुटतो, कारण जड गोळा स्थिर असतो आणि जागचा हलायला वेळ घेतो. तो हलून वरच्या दोऱ्याला ताण द्यायच्या आत खालचा तुटलेला असतो. पुस्तकात हे चार ओळींत आहे. मी मुलांना मोठ्या थाटात सांगितलं, आता बघा, खालचा तुटेल. झटका दिला आणि तुटला वरचा. गोळा टेबलावर आदळला, वर्ग खो-खो हसला आणि परीक्षकांनी शेरा लिहिला : 'पाठांतर उत्तम. हात कापतो.'

यंदा पुन्हा तोच पाठ घ्यायचा मी हट्ट धरला होता. आईचं म्हणणं, एकदा ठेच लागलेल्या दगडावर पुन्हा पाय कशाला मारतेस? पण मला दुसरा पाठ घेऊन पळून जायचं नव्हतं. घरी महिनाभर रोज प्रयोग केला. दहातून पाच वेळा खालचा दोरा तुटे, पाच वेळा वरचा. का, ते मला कळत नव्हतं. नऊ वर्षं जडत्व शिकवणाऱ्या बाईला ते कळत नव्हतं ही लाजेची गोष्ट, पण खरी.

फेब्रुवारीतली सकाळ होती. घरी त्रिशरण म्हटलं, बाबांच्या पाया पडले आणि सात वाजता निघाले. पाठ साडेबाराला होता. खांद्याच्या पिशवीत पाठाचं टाचण, दोऱ्याचं रीळ, रंगीत खडू आणि शाळेच्या क्रीडा कपाटातला गोळाफेकीचा लोखंडी गोळा. स्टँड त्या शाळेत मिळणार होता. साडेपाच तास आधी निघालेली मी, मला काय होणार आहे?

डोंबिवलीला गाडी थांबली ती हलेचना. पुढे कुठेतरी ओव्हरहेड वायर तुटली होती. आठ वाजले, साडेआठ वाजले. स्टेशनबाहेर बसला लटकलेली माणसं बघून माझ्या पोटात गोळा आला आणि पिशवीतला गोळा खांद्याला काचू लागला. एका पेपरवाल्याने सांगितलं की पश्चिमेला मोठागावच्या बंदरावर जा, तिथून कोळ्यांच्या होड्या कधीमधी कळव्याला जातात, ओहोटी लागली की लवकर पोचाल. मला पोहता येत नाही. तरी मी निघाले.

बंदरावर वाळूचे ढीग होते आणि पाणी मागे हटायला लागलं होतं. एका मशीनच्या होडीत एक बाई माशांच्या पाट्या लावत होती. पन्नाशीची, नऊवारी घट्ट कसलेलं, कपाळावर गोंदण. तिचं नाव हिरूबाय हे मला पुढे कळलं. तिचा नवरा मशीनपाशी वाकलेला होता. त्याला सगळे नाखवा (होडीचा मालक) म्हणत. कळव्याच्या बाजारात मासे द्यायचे आणि हिरूबायच्या दिराची डागडुजी केलेली छोटी हातहोडी दोराने मागे बांधून पोचती करायची, असं त्यांचं काम होतं. मी हात जोडून माझी अडचण सांगितली. मास्तरीण आणि तिचीच परीक्षा, याची हिरूबायला फार गंमत वाटली.

"बस गो बाय, पन मधी उठू नको," ती म्हणाली.

होडीच्या तळाला माशांचं पाणी साठलेलं. टाचण ओलं होईल म्हणून पिशवी मी मांडीवर घेतली आणि जड गोळा तेवढा काढून नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) एक सपाट फळी होती तिच्यावर, मागच्या पाटीला टेकवून ठेवला. हे मी का सांगते ते पुढे कळेल.

सुटताना नाखव्याचं काम मी बघत होते. मशीन चालू होतं तरी तो होडी इतकी सावकाश पुढे सरकवत होता की माझा जीव वर-खाली व्हायला लागला. मागच्या हातहोडीचा दोर पाण्यातून वर आला, ठिबकला, ताठ झाला आणि मग ती होडी निमूट मागे आली. त्यानंतरच त्याने वेग वाढवला.

खाडी रुंद होती. दोन्ही काठांना तिवरं (खाऱ्या चिखलात वाढणारी झुडपं), त्यांच्या मुळांत अडकलेली प्लास्टिकं, मधेच एखादा बगळा. दिवा-वसई मार्गाचा पूल मागे गेला. लांबवर मिठागरांचे पांढरे ढीग दिसत होते. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, काय सुंदर. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. हिरूबायने फडक्यातून तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी काढून पुढे केली. नको म्हणायला तोंड उघडलं आणि तिने घासच हातात दिला. सकाळपासून पोटात काही नव्हतं हे पहिल्या घासाला समजलं. चटणी इतकी तिखट होती की चार मिनिटं मी परीक्षा विसरले.

मुंब्र्याच्या डोंगराखाली पाण्यात वाळूच्या दोन मोठ्या होड्या आडव्या आल्या, तेव्हा नाखव्याने मशीन मंद केलं. त्या निघून गेल्या तरी तो सावकाशच. काठावर एक गाडी उभी होती, तिच्या दारांत लोक खाली पाय सोडून बसलेले. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं. माझा धीर सुटला.

"दादा, जरा जोरात घ्या ना. माझी नोकरी जाईल हो," मी म्हणाले. एकदा नाही, तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा तर रडतच.

 बाईमाणसाचं रडणं बघून नाखव्याचाही हात चुकला असावा. होडी मंदावल्यामुळे मागची हातहोडी जवळ सरकली होती आणि दोर पाण्यात ढिला पडला होता. त्याकडे न बघता त्याने एकदम मशीन वाढवलं. आमची होडी पुढे झेपावली, मी मागे कलंडले, दोर पाण्यातून सटकन वर आला आणि फटकन तुटला. हातहोडी होती तिथेच राहिली. मग प्रवाहाने तिला तिवरांकडे न्यायला सुरुवात केली.

नाखव्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

होडी वळवून तिला धरायला जावं लागलं. तो नाळ तिच्या बाजूला लावायला गेला आणि मशीन बंद करूनही आमची होडी पाण्यावर सरकतच राहिली, तशी सरकत असते हे मी दरवर्षी शिकवते. धडक मोठी नव्हती. होडी थांबली. मी थांबले नाही, पुढच्या पाटीवर हात टेकून कशीबशी सावरले. आणि फळीवरचा गोळा, जो मी बांधला नव्हता, ज्याच्याखाली साधं फडकंसुद्धा ठेवलं नव्हतं, तो शांतपणे पुढे घरंगळत गेला आणि टुबुक करून खाडीत पडला.

गतिमान वस्तू थांबवणारं काही नसेल तर ती पुढे जातच राहते. हे वाक्य मी त्या दिवशी दुपारी फळ्यावर लिहिणार होते.

मी खाली बसले ती तळाच्या पाण्यातच. साडी भिजली. मनात आलं, संपलं. शाळेचा गोळा गेला, प्रयोग गेला, नोकरी गेली. आता ही होडी वळवून मला घरी सोडा असंही म्हणायचं त्राण नव्हतं. नाखवा तिकडे दोराची तुटकी टोकं गाठवत होता. त्याने हातहोडी पुन्हा बांधली, पुन्हा तितक्याच सावकाश दोर ताठ करून घेतला आणि आम्ही निघालो. या वेळी मी तोंड उघडलं नाही.

हिरूबाय मात्र प्रश्न विचारून माझ्याकडून सगळं काढून घेत होती. गोळा कशाला हवा होता, दोरा कुठे बांधायचा, गेल्या वर्षी काय झालं. मी सांगत गेले. तिने आपल्याच होडीच्या मागच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे ठेवलेला होडीचा नांगर म्हणजे एक काळा दगड होता, एका टोकाला भोक पाडलेला, चांगला चार-पाच किलोंचा. तो चालेल का, तिने विचारलं. पुस्तकात गोळा आहे, मी म्हणाले. मग माझं मलाच हसू आलं. दगडाला जडत्व नसतं असं पुस्तकात कुठे लिहिलंय?

कळव्याला अकरा वाजता लागलो. धक्क्याच्या बऱ्याच अलीकडे नाखव्याने मशीन बंद केलं आणि होडी आपल्या वेगाने येऊन अलगद टेकली. धक्क्याजवळ मासे वाळत घालायचे बांबू रोवलेले होते. हिरूबाय म्हणाली, आधी इथं करून दाखव. मला रिक्षा गाठायची घाई होती, पण आज घाईने काय केलं ते ताजं होतं. दगड गोळ्यापेक्षा थोडा जड, म्हणून दोरा तिपदरी केला, दगड बांबूला टांगला, भोकातूनच खाली दुसरा दोरा सोडला आणि त्याच्या टोकाला काडी बांधून झटका दिला. वरचा तुटला. दगड चिखलात रुतला. पुन्हा बांधला. पुन्हा वरचा.

हिरूबाय माझ्या दोऱ्याकडे नाही, मनगटाकडे बघत होती.

"तू भितेस ना, म्हनून आधी दोरा ताठ करून धरतेस. मंग वडतेस. तो झटका नाय गो, ती वडच झाली," ती म्हणाली. "दोर सांभालायचा त ताठ करून हलू न्यावा. तोडायचा त ढिला सोडून हिसका द्यावा. मघाशी आमचा कसा तुटला, बघितलास ना?"

 महिनाभर दहातून पाच वेळा चुकत होते ते एवढ्यासाठी. पाच वेळा मी भ्यायलेली असे. दोऱ्याला चाचपून, थोडा ताण देऊन, तयार करून मग ओढत असे, म्हणजे झटक्याच्या आधीच हळू ओढायला सुरुवात झालेली असे आणि वरच्या दोऱ्याला ताण पोचलेला असे. पुन्हा बांधला. खालचा दोरा वीतभर ढिला सोडला. डोळे मिटले आणि हिसका दिला. काडी हातात आली, दगड वर किंचित हलत राहिला. लगेच दुसऱ्यांदा करून बघावंसं वाटलं, पण वेळ नव्हता.

"दगूड संध्याकाली आन परत," हिरूबायने बजावलं. "होडी बिननांगराची नको ऱ्हायला." भरतीबरोबर ती दोघं मोठागावला परतणार होती.

रिक्षावाल्याने आधी वास घेतला, मग माझ्या मांडीवरचा दगड पाहिला आणि कळवा पुलावर विचारलं, मॅडम, हे देवाचं काही आहे का? मी हो म्हणाले. त्या घटकेला ते फारसं खोटं नव्हतं.

टेंभी नाक्याजवळच्या त्या शाळेत पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. शिक्षकखोलीत परीक्षक बसले होते. गेल्या वर्षीचेच. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, शुद्ध पुणेरी बोलणं. त्यांनी मला ओळखलं नाही की ओळखूनही दाखवलं नाही, सांगता येत नाही. 

आठवीचा वर्ग होता. साठ मुलं. दगड टेबलावर ठेवल्याबरोबर पहिल्या बाकावरच्यांनी नाकं दाबली. टाचणात पहिला प्रश्न होता : 'मुलांनो, बस अचानक थांबली की प्रवासी पुढे का फेकले जातात?' मी टाचण मिटलं. आज सकाळी माझं काय काय झालं ते सांगितलं. दोर कसा तुटला, होडी कशी आदळली, गोळा कसा गेला. वर्ग हसला, पण गेल्या वर्षीसारखा नाही. एका मुलाने विचारलं, बाई, तुम्ही गोळा बांधला का नव्हता? मी म्हटलं, कारण मला नियम पाठ होता.

मग दगड स्टँडला टांगला. खाली गोणपाट अंथरलं. आधी हळू ओढला. वरचा दोरा तुटला, दगड धप्पकन पडला. का, ते मुलांनीच सांगितलं. दुसऱ्यांदा बांधताना गाठ बसेना. बोटं लटलटत होती. मागच्या बाकावर परीक्षकांनी पेनाचं टोपण काढल्याचा आवाज मला ऐकू आला. 'हात कापतो' हे दोन शब्द पुन्हा लिहायला त्यांना कितीसा वेळ लागणार होता? जून आठवला. हजेरीपुस्तक आठवलं. हाताने आपणहून दोरा ताठ करायला सुरुवात केली होती.

मी हात खाली आणला. दोरा ढिला पडला. हात कापत होता तो कापू दिला, ढिल्या दोऱ्याला त्याचं काही पोचत नव्हतं. आणि हिसका दिला.

काडी माझ्या हातात होती. दगड वर होता.  मग खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "बाई, दगडाला कळलंच नाही."

याहून चांगलं जडत्व मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. मी ते वाक्य तसंच फळ्यावर लिहिलं आणि तिथून पुढे नियमापर्यंत मुलंच आली.

तास संपल्यावर परीक्षक टेबलाशी आले. त्यांनी टाचण उघडलं, चष्मा वर केला.

"टाचणात लोखंडी गोळा लिहिला आहे. तो कुठे आहे?"

"मुंब्र्याच्या खाडीत, सर."

ते हसले नाहीत. दगडाच्या भोकातून बोट फिरवून पाहिलं, बोटाचा वास घेतला, वहीत बरंच काही लिहिलं आणि वही मिटली. मला एक अक्षर दिसलं नाही.

निकाल दीड महिन्याने लागला. मी पास झाले आणि जूनमध्ये हजेरीपुस्तकातला तो कंस गेला. मुख्याध्यापकांनी गोळ्याबद्दल लेखी खुलासा मागितला तेव्हा मी 'बाह्य बलाच्या अभावी गोळा पुढे गेला' असं लिहून दिलं, ते त्यांनी न वाचताच फाइलला लावलं. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मुंब्र्यावरून जाताना खाडीकडे माझी नजर जातेच. गोळा तिथेच चिखलात असणार, कुणी हलवत नाही तोवर. नऊ वर्षं मीही एका जागी तशीच होते आणि त्याला नोकरी म्हणत होते.

पण त्या दिवशी संध्याकाळी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गाड्या सुरू झाल्या होत्या. डोंबिवलीला उतरून मी दगड घेऊन बंदरावर चालत गेले. खांदा भरून आला होता आणि मनात एकच कीड वळवळत होती, टाचण सोडून शिकवलं म्हणून मार्क कापतील का? पाणी चढलं होतं. नाखवा होडीत जाळी आवरत होता. हिरूबाय धक्क्यावर रिकाम्या पाट्या धूत बसली होती. मला वाटलं, ती विचारेल, पास झालीस का, आणि मला काय सांगावं कळणार नाही.

तिने दगड हातात घेतला, पदराने पुसला.

"कंचा तुटला?" तिने विचारलं.

"खालचा."

ती होडीकडे वळली आणि नाखव्याला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाली, "खालचा तुटला हो." नाखव्याने जाळ्यातून मान वर केली, सकाळी दोर तुटल्यावर पाहिलं होतं तसंच माझ्याकडे एकदा पाहिलं, पण या वेळी हसला. गोळा बुडाल्यापासून आवरून धरलेलं रडू मला तेव्हा आलं. हिरूबायने मला रडू दिलं आणि दगड पाण्याने धुवून पुन्हा नांगराच्या दोराला बांधायला घेतला.